दारामागच्या दोन काठ्या

दिघोरी, मंगळवार, डिसेंबर १९७८. दिवेलागण.

बाबा जाऊन महिना होत आला, पण त्यांच्या दोन्ही काठ्या दारामागेच आहेत. आखूड काठी धुऱ्यावरची, शेताच्या बांधावर फिरताना धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय घसरला तर टेकायला. लांब काठी जंगलाची, गवत चाचपायला अन् चढावर जोर द्यायला.

उद्या मी निघून राहिलो. आधी तुमसर, मग पहाडाकडे कुठंतरी. परत यायचं का, माहीत नाही. आईले फक्त म्हटलं, "उद्या जरा फिरून येतो."

ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "धुऱ्यापर्यंत का जंगलात? तशी काठी घेजो."

"धुऱ्यापर्यंतच."

आखूड काठी उचलून पाहिली, मग लांब. हाताला तेल लागलं. बाबा लावायचे, म्हणून काही वाटलं नाही. हल्ली काही वाटतच नाही. गाडीत खिडकी मिळेल का, एवढंच डोक्यात.

जेवताना हाताला जवसाच्या तेलाचा वास येत होता. महिन्याभराचं तेल ओलं कसं राहील? आखूड काठी तर कोरडी होती.

आई भात वाढायला वाकली. तिच्या हातालाही तोच वास होता.

मी भात संपवला.