तोरणमाळची तयारी

८ जुलै १९३४, रविवार

आज ताट फेकून मारलं. काठ कपाळावर बसला, वरण डोळ्यात गेलं. कारण काय, तर मीठ कमी! मीठ मी मुद्दामच कमी घातलं होतं, नानांसाठी. सासरे अर्धांगवायूने खाटेवर पडून आहेत, वैद्याने त्यांना मीठ बंद केलंय. पण हे ऐकून घ्यायला थांबतो कोण?

तासाभराने स्वतःच हळद घेऊन आला. कपाळाला लावत म्हणतो, "औंदा तुले तोरणमाळ दाखाडसू. ढगमा बसाडसू तुले!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. इथे घेते. धनसिंग. धनसिंग. घेतलं!

मी बिजवराला दिलेली. पहिली मंजुळा. तीही तोरणमाळलाच गेली, चार वर्षांपूर्वी श्रावणात — सीताखाईच्या कड्यावरून खाली. "पाय सरकना." हा तसं म्हणाला, सोबत गेलेल्या आत्याबाई तसंच म्हणाल्या, आणि पोलीस पाटलाने तसंच लिहून घेतलं. इथे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात, तेही निम्म्या वेळा मानेनेच.

११ जुलै, बुधवार

तोरणमाळशिवाय दुसरा विषय नाही. ओसरीवर कोळशाने रस्ता काढून दाखवला — हे शिरपूर, हे शहादा, इथे मुक्काम, इथे गाडी सोडायची, इथून पायी. वर गेलं की समोरचा माणूस दिसत नाही म्हणे, नुसता ढग. मग ढग उघडतो आणि खाली तळं! चुलीवर बट्ट्या भाजायच्या, वर तूप ओतायचं, आणि पाऊस ऐकत बसायचं. सांगताना त्याचा चेहरा लहान पोरासारखा होतो. मी इथे भाजून निघालेल्या काळ्या मातीत राहणारी. डोंगर पाहिला तो लांबून, निळा. मेल्याचं ऐकून मलाही जावंसं वाटलं. खरंच वाटलं.

अभिमन, माझा दीर, मध्येच म्हणाला, "दादा, मी बी येस." त्याला कानाखाली बसली. कोळशाचा रस्ता पायाने पुसून टाकला. विषय संपला.

१५ जुलै, रविवार

दोंडाईच्याहून दोन पाहुणे आले होते. मी चहा घेऊन दाराशी गेले तेव्हा त्यांच्यातला म्हातारा बोलत होता — "सवतवर आम्हनी पोर देवाव नही." धनसिंग हसला. म्हणाला, "सरावण जाऊ द्या."

मी चहा दिला.  तीन वर्षं झाली, मूल नाही, हे मला माहीत आहे. रोज ऐकतेच. दुसरी आणायची तर आण की बाबा! पण त्यांना सवत नको आहे. आणि श्रावणात आम्ही तोरणमाळला चाललो आहोत.

१६ जुलै

सांगितलं — मी येणार नाही.

बैल हाकायच्या पराणीने मारलं. आधी पाठ, मग हात आडवा केला तेव्हा हात. उजव्या हाताची करंगळी मोडली. मारताना दात खाऊन म्हणाला, "तुले बी मंजुळाना मांगे धाडसू!" म्हणजे आता शंकाच नको. त्याने तोंडानेच सांगितलं. आत्याबाई चुलीपाशी होत्या. भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या.

करंगळीशिवाय लिहिता येतं. अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

२० जुलै, शुक्रवार

धुळ्याहून पंडितदादा आला, माझा सख्खा भाऊ. मी देव पावला म्हटलं! गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं — दोंडाईचा, मंजुळा, पराणी. हात दाखवला. दादा बैलांकडे वळला. मग म्हणाला, "अगं, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. तू जरा समजून घे. फिरून या, मन मोकळं होईल."

फिरून या! मनात आलं, शेणाची पाटी याच्या डोक्यावर उपडी करावी. केली नाही. जेवायला वाढलं. धनसिंगने त्याला कोळशाचा रस्ता पुन्हा काढून दाखवला, आणि दादा म्हणतो कसा, "वा! मीच येतो म्हणतो!" दोघं खो-खो हसले. जाताना माझ्या हातावर ओल्या खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या. वड्या बैलांना घातल्या.

२४ जुलै, मंगळवार

गाडी तपासायला म्हणून बैल जुंपून नदीपर्यंत नेले. पवळ्या चिखलात अडला. धनसिंगने पराणी उलटी धरून त्याच्या तोंडावर घातली — किती वेळा, देव जाणे. डोळा फुटला. सुपडू, आमचा सालदार गडी, मध्ये पडला तर त्यालाही दोन बसल्या. पवळ्याला त्यानेच वासरापासून वाढवलंय. डोक्याचं पागोटं सोडून तो बैलाचं तोंड पुसत बसला होता. 

आणि संध्याकाळी माझ्यासाठी नव्या वहाणा! शिरपूरच्या. वर लाल गोंडा, खाली तळ आरशासारखा गुळगुळीत. "डोंगरवर ह्याच घालजो," म्हणाला.

२८ जुलै, शनिवार

आज मीच मारलं!

नाना खाटेवर पाणी मागत होते. बिचाऱ्यांच्या तोंडून नुसता आवाज निघतो, शब्द नाही. धनसिंग जेवत होता. उठला आणि आजारी बापाच्या तोंडात फडका कोंबला. "चूप!" माझ्या हातात खलबत्त्याचा बत्ता होता, मी मिरच्या कुटत होते. उठले आणि घातला खांद्यावर. डोक्यावर घालायचा होता, नेम चुकला. तो कोलमडला. दुसऱ्यांदा उगारला — आणि मागून आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या अंगात एवढी ताकद! बत्ता काढून घेतला. माझ्या कानाशी म्हणाल्या, "आठे नको, पोरी. आठे नको."

इथे नको! सारवलेली जमीन खराब होईल म्हणून! लेकाचं रक्त सांडलं तरी हिला शेणाच्या सारवणाची काळजी.

त्यानंतर त्याने मला काय केलं ते लिहीत नाही. डावा डोळा अजून उघडत नाही. पवळ्याची आणि माझी जोडी जमली.

१ ऑगस्ट, बुधवार

पावसाची झड लागली आहे. मला वाटलं, रद्द होईल. उलट तो खूश — "आते खरी मजा!"

आणि आज आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येस." म्हणजे दोघं मिळून! मागच्या वेळेसारखंच. अभिमन पुन्हा येतो म्हणाला, तर या वेळी त्याला आईनेच थोबाडीत दिली — "तू घर राह. नानापाशी बस." गाडी सुपडूच हाकील, हेही त्यांनीच ठरवलं. बट्टीचं पीठ, तुपाची बरणी, घोंगड्या, कंदील, सगळं त्या स्वतः काढून ठेवताहेत. इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोघीच होतो तेव्हा न राहवून विचारलं. "मंजुळा पडली तेव्हा तुम्ही होतात ना?"

"व्हती," म्हणाल्या. "मांगे व्हती." आणि तुपाच्या बरणीला फडकं बांधायला लागल्या.

परतायचंही ठरलंय. १९ तारखेच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, तिचे रोट खायला घरातला एकूण एक पुरुष हजर लागतो. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे आणि तेवढ्याचेच रोट करायचे. मेलेल्याची मूठ निघत नाही. बायकांची तर नसतेच. मंजुळा गेली त्या वर्षी या घरातला एक दाणाही कमी झाला नसेल. माझ्या वर्षीही होणार नाही.

५ ऑगस्ट, रविवार

पळून कुठे जाऊ? दादाकडे? तो वड्या देऊन परत पाठवील.

ठरवलंय. कड्यावर त्याने हात लावला की त्याची बंडी दोन्ही मुठींत धरायची. मोडक्या करंगळीसकट. सोडायची नाही. तळं मात्र आधी बघून घेईन.

भीती वाटते. फार वाटते. आई गं.

८ ऑगस्ट, बुधवार

उद्या उजाडता निघायचं. गाडी भरून झाली. धनसिंग बाहेर शीळ घालत चाकांना वंगण लावतोय.

आत्याबाई गहू काढून बसल्या. "इसन धोसूत कवय, वाळाडसूत कवय?" परतल्यावर धुवायला-वाळवायला वेळ कुठे, म्हणून रोटाचे आजच मोजायचे. मी सूप धरलं. सव्वा मूठ — "ही तुना सासरानी." सव्वा मूठ — "ही अभिमननी." आणि त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, एक राहिली."

त्यांनी वर पाहिलं नाही. सुपातले गहू हाताने सारखे केले.

"मी बराबर मोज्यात. सकाय तू जुन्या वहाणा घाल. नव्या सरकतस."