नाणं फक्त पुसलं होतं

४ मार्च, सकाळ

सूनबाई, लिहून झालं की हे मला वाचून दाखवायचं. आत्ताच सांगते, कारण दुपारपर्यंत तू विसरशील. परवा कुकर लावलास आणि तांदूळ घालायचे राहिले. पाणी मात्र छान शिजलं होतं. हसू नकोस, लिही.

रोजनिशी माझी. अक्षरं सुनेची, कारण मला येत नाहीत. अक्कल माझी.

ठरलं. सोन्याचं नाणं ग्रेडिंगला, म्हणजे तपासून नंबर लावून घ्यायला, पाठवायचं. ह्यांनी लग्नानंतर स्वतःचं घड्याळ विकून ते माझ्यासाठी घेतलं होतं. तेव्हापासून माझे धाकटे दीर एकच टुमणं लावून बसलेत: वहिनी, दादाला पितळ विकलं. हे हसून सोडून द्यायचे. हे गेले. भाऊजींनी टुमणं सोडलं नाही, मीही सोडणार नाही. सर्टिफिकेट नाकासमोर धरणार.

५ मार्च

जुनी नाणी घेणाऱ्याकडे गेलो. दुकान कपाटाएवढं, माणूस मोठा. काट्यावर ठेवलं, भिंगातून बघितलं, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितलं. म्हणाला, आजी, सोनं खरं आहे. पण नाणं जुनं की नंतर ओतलेली नक्कल, ते ग्रेडिंगवाले ठरवतील. अस्सल निघालं आणि नंबर चांगला आला, तर सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट. नाण्यावरच्या राणीच्या केसांची बट न् बट शाबूत आहे म्हणे. फी ऐकून सून स्टुलावर बसली.

निघताना म्हणाला, आजी, एक करा, काही करू नका. धुऊ नका, पुसू नका, कडेनेच धरा. वरची तांबूस झाक म्हणजे त्याचं वय.

मी म्हटलं, मला काय सांगता, मी काय लहान आहे?

६ मार्च, दुपार

निश्चय: नाण्याला हात लावणार नाही.

६ मार्च, संध्याकाळ

लावला. कडेनेच. बघितलं फक्त. राणीच्या गालावर काळं काहीतरी आहे. परक्या माणसांपुढे जायचं आणि तोंड असं?

७ मार्च

पुसलं. मऊ फडकं, कोरडं. पुसणं म्हणजे धुणं नव्हे. सून म्हणते, आई, त्याने पुसू नका असंही सांगितलं होतं. हिला नको तेव्हा बरोबर आठवतं.

८ मार्च

कोरड्याने जाईना. किंचित पावडर घेतली. भांड्यांची नव्हे, दातांची. जी दातांना चालते ती सोन्याला चालणार नाही? आता असं लखलखतंय की राणी आत्ताच न्हाऊन आल्यासारखी दिसते. नंबर वाढणार. नाणेवाला तरुण आहे, त्याला स्वच्छतेची सवय नाही.

९ मार्च

नाणं दिलं. त्याने भिंग डोळ्याला लावलं, नाणं उजेडाकडे फिरवलं. मग म्हणाला, आजी, धुतलंत?

मी म्हटलं, पाण्याचा थेंब लागला असेल तर शपथ. खरंच होतं.

तो म्हणाला, बारीक चरे दिसतात. अस्सल असलं तरी नंबर बहुतेक द्यायचे नाहीत. तरी पाठवू?

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, पाठवा, आणि चरे तुमच्या भिंगाला आहेत.

२० मार्च

भाऊजींचा फोन. काय वहिनी, पितळेचा रिझल्ट लागला का? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जेवायला या आणि चष्मा घेऊन या. सर्टिफिकेटची जागा ठरवली आहे. त्यांच्या खुर्चीसमोरची फळी, बरण्या हटवून.

२ एप्रिल

आलं. जाड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद. सुनेने वाचलं: अस्सल. मी म्हटलं, पुन्हा वाच. अस्सल. मी ह्यांच्या फोटोकडे बघून मान हलवली.

मग म्हणाली, आई, खाली अजून आहे. घासल्याच्या खुणा, ग्रेड नाही.

नाणेवाला म्हणाला, आता सोन्याचा भाव, वर थोडं. मी विचारलं, न घासता किती झालं असतं? त्याने सांगितलं. तो आकडा लिहायचा नाही, सूनबाई. लिहिला असशील तर खोड.

ग्रेडिंगवाल्यांना स्वच्छ वस्तू बघायची सवयच नाही. माझा निकाल बदललेला नाही: घासलेलंच चांगलं.

५ एप्रिल

भाऊजी आले. डबी उचलली, दोनदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, म्हणजे दादाला कोणी फसवलं नव्हतं. चष्मा पुसायला लागले. मी खिडकीकडे बघितलं. एवढ्यासाठीच तर सगळं होतं.

तिथेच थांबले असते तर काय बिघडलं असतं? चष्मा लावून खालची ओळ वाचली. वहिनी, म्हणाले, दादा फसला नाही, पण दादाचं नाणं घासलं कोणी? असे हसले की ठसका लागला. पाणी सुनेने दिलं. मी दिलं नाही.

मी ठणकावलं, माझं नाणं, मी घासलं, पुन्हा घासेन. पण डबी उघडतच नाही. सगळे गेल्यावर बघून झालं. बोटाला प्लास्टिकच लागतं.

सूनबाई, भाऊजींना कळव, मी रागावले आहे आणि इतक्यात निवळणार नाही. तोवर माफी म्हणून कस्टर्ड पाठवा म्हणावं. मऊ, साखर बेताची, वर सुकामेवा नको, आणि डबा मोठा.