गुप्त हस्तांदोलनाची जत्रा

तीर्थरूप एमिलमामांस (आणि वसंतातल्या शपथेपासून बंधू एमिल यांस),

लिब्बीचा गुडघे टेकून नमस्कार. (का टेकले ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? अख्ख्या गावाला गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दम देणारा फार्मासिस्ट स्वतःची गोळी मात्र खिशातल्या खिशात विसरतो, अशी ब्लांचमामीची तक्रार आहे. तेव्हा पुढचं वाचण्याआधी ती घ्या. रक्तदाबाचीही घ्या. मी थांबते.

इकडे सगळे मजेत. आई अजून एकाच गोष्टीवर अडून बसली आहे: आपल्या थीटा म्यू संघाची शपथ घेतली की मुलगा असो वा मुलगी, सगळे एकमेकांचे बंधू, म्हणजे तिचा सख्खा भाऊ आता माझाही भाऊ झाला, तर मग ती माझी कोण? मी म्हटलं, अगं आई, हा फार्मसीवाल्यांचा संघ आहे, वंशावळ नाही. त्यावर तिने तुम्हा औषधवाल्यांचं काही सांगता येत नाही म्हणून हात झटकले. (आपले ते गोड पाव, कोलाचे, मात्र पाठवले. खसखशीचे. संघाने उभ्याउभ्या फस्त केले.)

तर मुद्दा. येत्या रविवारी संघाच्या तळघरात माझी सुनावणी आहे आणि ज्येष्ठ बंधूंचे प्रमुख म्हणून खुर्चीत तुम्ही बसणार आहात, हे प्रेस्टनने (आमचा अध्यक्ष, वय चोवीस, चेहरा निवृत्त न्यायाधीशाचा) कळवलंच असेल. संघाचं गुप्त हस्तांदोलन मी जगजाहीर केलं, असा आरोप आहे. ठरला खरा, तर बिल्ला काढून घेणार आणि नाव कापणार. लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा भाचीकडून ऐका.

शपथेला इतके दिवस झाले तरी ते हस्तांदोलन माझ्या हाती बसेना. म्हणून जत्रेच्या आधी आठवडाभर मी दिसेल त्यावर सराव केला. फ्रिजच्या दांड्यावर केला, कुत्र्याच्या पंजावर केला. (कुत्रा आता पंजा देण्याआधी विचार करतो.) नेमकं कसं करायचं ते इथे लिहीत नाही, पत्र पोस्टमनच्या हाती पडलं तर पंचाईत. म्हणजे पोस्टमनलाही आता ते येतं म्हणा, पण तत्त्व म्हणून.

जत्रेत आपल्या संघाचा फुकट रक्तदाब तपासायचा तंबू असतोच. यंदा तो डुकरांच्या शेडला खेटून, त्यामुळे एरवी माशीसुद्धा फिरकली नसती (खोटं सांगते, माशा भरपूर होत्या). पट्टा बांधण्याआधी नाडी बघायची, हा शिरस्ता. आणि आपलं ते हस्तांदोलनही नाडीपाशीच सुरू होतं! बोटं मनगटावर गेली की पुढचं सगळं आपोआप व्हायला लागलं. देवाशप्पथ, मला पत्ताच नाही. पहिला आला डुकरांवाला हार्लन, डॉक्टरचं नाव काढलं की ट्रॅक्टर सुरू करणारा. त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि बाहेर जाऊन जाहीर केलं, की ती पोरगी हाताला काहीतरी करते, बरं वाटतं. झालं! रांग पार आकाशपाळण्यापर्यंत. दुपारी तर लोक सरळ म्हणायला लागले, "बीपी राहू दे गं, ते हाताचं कर." संध्याकाळी डुकरांच्या लिलावाचे सौदे त्याच हस्तांदोलनाने पक्के झाले. जत्रेनंतरच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी शेजाऱ्याशी हात मिळवा म्हटल्यावर काय झालं, ते मी सांगत नाही. तुमच्या दुकानात कोणी तसा हात पुढे केला तर कृपा करून भडकू नका.

प्रेस्टनला कळलं ते असं. आकाशपाळणेवाल्याने तिकीट घेताना त्याच्याशी तो हात मिळवला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. बंधू, तुम्ही कोणत्या सालचे, असं त्याने विचारलं. पाळणेवाला म्हणाला, "कसलं साल राव? हे बीपीचं आहे. पुढे सरका."

माझ्या बाजूने दोनच गोष्टी. एक, फुटला तो अर्धाच भाग, आपण विचारायचा तो. समोरच्याने द्यायचं उत्तर मी कोणालाही दाखवलेलं नाही, मलाच ते अजून धड येत नाही. दोन, हार्लनचा आकडा बघून मी त्याला तिथूनच डॉक्टरकडे पिटाळलं. आता तो बरा आहे, आणि मीठ बंद झालं म्हणून मला शिव्या घालतो.

चेष्टा पुरे, मामा. मला नाही जायचं बाहेर. पहिल्या वर्षी औषधांच्या गणितात आपटले तेव्हा फार्मसी सोडायची म्हणून मी बॅग भरली होती. तेव्हा मी या लोकांची कोणीच नव्हते, तरी त्यांनी ती बॅग रिकामी केली आणि पास होईपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही. सगळ्यात जास्त ओरडला तो हाच प्रेस्टन. हे लोक माझे आहेत हो. पण तुम्ही नियमाचे पक्के. शपथ म्हणजे शपथ, हे तुमच्याच तोंडून ऐकत मी वाढले. द्याल तो निकाल मान्य.

मामीला नमस्कार सांगा.

तुमची भाची, आणि रविवारपर्यंत तरी बंधू,
लिब्बी

ता. क. : गोळी घेतलीत ना?

आणखी एक ता. क. : सांगायचं राहिलंच. जॅमच्या स्पर्धेला आलेली ब्लांचमामी तंबूतही डोकावली होती. तिच्याही हाताला माझ्याकडून ते झालं. बाकीचे आपल्या हाताकडे बघत बसले; मामीने उत्तर दिलं. पूर्ण उत्तर, मामा. करंगळीच्या त्या शेवटच्या वळणासकट. तिच्या काळी संघात बायकांना घेत नसत ना? विचारलं तर लाजून लाल झाली. म्हणाली, लग्नाआधी सिनेमाच्या अंधारात एमिलने शिकवलं, आणि अजून चर्चच्या बाकावर तो हळूच विचारतो नि मी उत्तर देते. मला इतकं गोड वाटलं की तिचा रक्तदाब मोजायचाच राहिला.

शेवटचा ता. क. : मी कोणाला बोललेली नाही, शपथ म्हणजे शपथ. पण रविवारी मामी कोलाचे घेऊन तळघरात यायचं म्हणते आहे. सगळ्यांशी एकेकदा हात मिळवायची तिची फार इच्छा आहे. तिला दारात अडवू की आत सोडू, ते तुमचा निकाल ऐकून ठरवते.