'धोटा' बँडची सगळ्यात जड गाणी

लालबाग, बुऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. विपुल यास विमल आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पुण्यात मजेत असशील असं धरून चालते. नव्या खोलीत पाणी नीट येतं का आणि डब्याच्या बाई अजून सगळ्या भाज्यांत साखर घालतात का, ते कळव. इथे थंडी पडायला लागली. केळीला यंदा भाव बरा निघाला म्हणून शेजारच्या मथुराबाईंनी नवीन फ्रिज घेतलाय आणि तो दाखवायला रोज कुणाला तरी घरात ओढून नेतात. मी दोनदा पाहून आले. फ्रिज चांगला आहे.

आत्याला पत्र कुठून सुचलं, फोन काय बिघडलाय का, असं म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. "आत्या, मुद्द्यावर ये" म्हणतोस. पत्राला कुणी असं म्हणू शकत नाही. मुद्दा आहे, आणि तो लोकांच्या तोंडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावा असं मला वाटतं, पण तो त्याच्या वेळेला येईल.

आधी चांगली बातमी. तुमच्या 'धोटा' बँडच्या सगळ्यात जड, म्हणजे तुम्ही 'हेवी' म्हणता त्या, गाण्यांचा संग्रह तयार झाला. तू इथून निघताना गौरव आणि मोनालीला बजावलं होतंस, "जुनी दहा गाणी एकत्र करा, एकदाची नीट काढा आणि विषय संपवा. काही बदलायचं नाही, दुसरा आवाज घालायचा नाही. माझ्याशिवाय धोटा नाही." गौरव तुझ्यावर अजून फुगलेला आहे, पण त्याने ऐकलं. कोणती दहा घ्यायची यावर मात्र माझ्या ओसरीवर रोज महाभारत. गौरव म्हणे, ज्यात गिटारचा सूर सगळ्यात खाली उतरतो ते गाणं जड. मोनाली म्हणे, ज्यात तिची लोखंडी पिंपं वाजतात ते. शेवटी मीच तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे डबे कडेला ओळीने मांडले आणि पोरांना सांगितलं, वाजवा एकेक. ज्याने डबा खाली येईल ते गाणं आत. 'सुताची भूक'ने तर हिंगाच्या डबीसकट सगळी फळी रिकामी केली, म्हणून ते शेवटी ठेवलं. पोहे अजून सापडताहेत.

हसू नकोस. मला आता यातलं कळायला लागलंय. तुमचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं की पिठाची गिरणी अंगावर चालून येतेय. हल्ली गिरणीत दळण घेऊन गेले की वाटतं, सगळं आहे, गिटार तेवढी कमी आहे.

आता तुझे बाबा. खरं तर त्यानेच मला लिहायला बसवलं. "ताई, तू लिही. माझ्यावर त्याचा भरोसा बसणार नाही," म्हणाला. नीट वाच आणि पूर्ण वाच, कारण अर्धं वाचलंस तर तुझा गैरसमज होईल.

संग्रह लोकांना ऐकवायचा म्हणून गौरवने लालबागमधला समाजाचा हॉल घेतला. दोन आठवड्यांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला. माग बंद, त्यामुळे आपल्या कारखान्यातले आणि आसपासचे सगळे विणकर आले. मथुराबाई आल्या. आणि मधुकरही आला. हो, तुझा बाप, ज्याने आजवर तुझं एक गाणं अर्धंसुद्धा ऐकलं नाही, तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसला. का आलास म्हटलं तर म्हणाला, "संपून राहिलं ना सगळं? मग एकदा बघून घेतो." मला त्याच्याकडे बघवलं नाही. तो तुझ्या बँडला शेवटचं भेटायला आला होता रे.

तू नसल्यामुळे तुझा आवाज मोनालीच्या संगणकातून येत होता, आणि ती दोघं त्याच्यावर वाजवत होती. नऊ गाणी उत्तम झाली. मथुराबाई दुसऱ्या गाण्याला "हे काय होऊन राहिलं ओ बाई?" म्हणाल्या आणि पाचव्याला मान हलवायला लागल्या.

मग 'सुताची भूक'. त्याच्या मध्यावर तू आपल्या कारखान्यातला आवाज घातला आहेस, आठवतंय? चार नंबरच्या मागात धोटा अडकला होता तेव्हाचा. तुम्हा पोरांना तो आवाज फार जड वाटला आणि तुम्ही तो मुद्दाम तिप्पट मोठा करून भरला. आता मला सांग, विणकरांनी भरलेल्या हॉलमध्ये अडकलेला धोटा वाजवायचा, ही कुठली अक्कल? आडवं सूत घेऊन पळणारा धोटा ताण्याच्या उभ्या दोऱ्यांत अडकला की क्षणात शेकडो दोरे तुटतात, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत. तो आवाज आला आणि अख्खा हॉल उभा राहिला. "धोटा फसला! बंद कर, बंद कर!" म्हणत जो तो हात पुढे करून नसलेला माग शोधायला लागला. सत्तरीचे वामनकाका पुढच्या माणसाची खुर्ची ओढत होते, आणि त्या खुर्चीत माणूस होता! आणि दारापाशी, सगळ्यांत आधी, तुझ्या बाबांचा हात भिंतीवरच्या मेन स्विचवर. खट्. पंखे, दिवे, गिटार, संगणक, सगळं गप्प.

विपुल, त्याने मुद्दाम केलं नाही. हेच त्याला तुला सांगायचं आहे. चाळीस वर्षांची सवय आहे, हात डोक्याला विचारत नाही. तेव्हापासून तो धड जेवलेला नाही. "पोरगा म्हणेल, बापाने जळून बंद पाडलं," एवढंच म्हणतो. तू त्याला आज फोन कर. आणि रागावू नकोस, उलट सांग की त्या आवाजाची याहून मोठी पावती तुला कुठे मिळणार नाही.

बाबांचा निरोप संपला. इथे पत्र संपवून पाकीट चिकटवलं असतं तर माझं काम झालं होतं. मध्ये उठून चहा करून आले, कोथिंबीर निवडली. आता लिहिते.

लाईट गेली तरी कार्यक्रम थांबला नाही. तुझा आवाज "सूत दे, हात दे" इथपर्यंत आला होता आणि तिथेच गेला. गौरव मेलेली गिटार धरून उभा. मोनालीच्या पिंपांना मात्र वीज लागत नाही, तिचे हात चालूच होते. आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी पुढची ओळ ओरडलं: "झोप दे! अजून दे!"

ती मी.

मी ठरवलं नव्हतं. ओळ अर्धी राहिली होती, तोंडातून निघाली. सगळे माझ्याकडे वळले. मांडीवर चिवड्याचा डबा होता, तो मथुराबाईंकडे दिला आणि उभी राहिले. लोकांनी खुर्च्यांच्या पाठीवर हात मारायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही, तरी ठोका थेट मागाचा आला. खटाक्-खट, खटाक्-खट. तुझ्या आजोबांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं: कारखान्यात बोलायचं तर ठोक्यावर बोलायचं नाही, आवाज फुकट जातो. दोन ठोक्यांच्या फटीत शब्द टाकायचा. मी तशीच गायले. गायले म्हणवत नाही, ओरडले. पोटातून, अख्खं कडवं, मग दुसरं, मग तुझं नसलेलं तिसरंही, तिथल्या तिथे रचून. माईक नाही, काही नाही, आणि मागच्या भिंतीपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता.

संपल्यावर ज्या शिट्ट्या-टाळ्या! वामनकाका रडत होते. मधुकरचा हात अजून स्विचवरच. तिथूनच म्हणाला, "ताई, तुझा आवाज अजून आहे वाटतं!" गौरव धावत आला, "आत्या, क्या बात है! मतलब, विपुल ठोक्यावर गातो, तुम्ही ठोक्याच्या मधे. हे तर आपण कधी सोचलंच नाही."

तुला माहीत नसेल, पण या घरात माझ्या आवाजाला कुणी चांगलं म्हटलेलं नाही. मुलगी बघायला यायचे तेव्हा आई आतून खुणा करायची, हळू, हळू. धूलकोटच्या शाळेत पोरांना "आवाज कमी" सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि स्वतःचाही आवाज मी कमीच ठेवला. एकसष्टाव्या वर्षी दिवसाढवळ्या लोकांसमोर तो सोडला आणि मला आनंद झाला. साधा नाही, वेडा आनंद. घरी येताना रिक्षात मी एकटीच हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

आता मुद्दा. मोनालीचा रेकॉर्डर बॅटरीवर चालू होता. सगळं त्यात आलंय: तुझा आवाज, अडकलेला धोटा, मेन स्विचचा खटका, आणि पुढे मी. संग्रहाचं दहावं गाणं म्हणून दोघांना तेच घालायचं आहे. मलाही. गाणी इंटरनेटवर चढवायचं खातं तुझ्या नावावर आहे, म्हणजे ते राहणार की नाही हे तुझ्या बोटावर. गौरव तुला ते कालच पाठवत होता, मीच म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे.

दुसरंही सांगते. दर शनिवारी मी तालमीला जाते. दोन नवी गाणी झालीत. जानेवारीत धूलकोटच्या बाजारात आमचं बोलावणं आहे. तू बँड संपला म्हणून सांगून गेलास, आणि तो संपलेला नाही.

तुला लागेल, हे मला कळतं. 'धोटा' तू उभा केलास. तोंड फिरवलंस, आत्या म्हणून हाक मारली नाहीस, तर मला काय होईल ते लिहायलाही नको वाटतं. तुझ्या जिवापेक्षा मला काही जास्त नाही. एरवी अशा जागी मी म्हटलं असतं, "राहू दे रे बाळा, तुला नको असेल तर काढून टाक." आयुष्यभर सगळ्यांना तेच म्हणत आले. या वेळी नाही म्हणणार. ती थोरवी आता माझ्यात उरलेली नाही. गाणं पूर्ण ऐक, हवं तेवढं रागाव, फोनवर ओरड. मीही ओरडेन. पण माझा आवाज तू ठेवावास असं मला वाटतं, फार वाटतं, आणि ते मी मोठ्याने सांगते आहे.

जानेवारीत ये. माईक दोन लावायला सांगितलेत.

तुझी आत्या,
आणि तुला पटो न पटो, 'धोटा'ची गायिका,
विमल