लाल नाकाचा तपास

५ जुलै, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. दाढीचा साबण लावत होतो.

चेहरा परत लाल! नाकाचा वरचा भाग, डोळ्यांखाली दोन्ही गाल, कानांवरची कातडी. हनुवटी ठीक, कपाळ ठीक. साबण पुसून टाकला.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारे भिंगदादा म्हणाले, "काय रे, कुणी दोन्हीकडून वाजवली?" हसलो. हसल्यावर जास्त जळजळलं.

मालकांनी मात्र थट्टा केली नाही. "एक तारखेपासून काउंटर तुझं, म्हटलंय मी. पण हे तोंड घेऊन बसलास तर गिऱ्हाईक म्हणेल, याची कालची अजून उतरली नाही. तोंड नीट कर. नाहीतर माझा भाचा मोकळाच आहे."

भाचा! त्याला जवळचा नंबर कुठला आणि लांबचा कुठला, ते कळत नाही. मी दोन वर्षं मागे बसून चष्मे पुसतोय, स्क्रू आवळतोय.

६ जुलै

तपास पद्धतशीर करायचा. एका वेळी एकच गोष्ट बंद. आज साबण.

७ जुलै

साबण नाही, तरी लाल. आई म्हणाली, "बाहेरचं तेलकट खातोस." ताई म्हणाली, "जागरणं." मी दोन्ही करत नाही. दोघींचा विश्वास बसला नाही.

१० जुलै, सोमवार

कालपासून चहा बंद. सकाळी चेहरा बरा! चहाच होता तर!

संध्याकाळी – नव्हता. शिवाय डोकं दुखतंय.

१३ जुलै

उशीचा अभ्रा रोज उकळतो. आई: "अभ्र्याचा रंग गेला, तुझ्या तोंडाचा जाईना."

१४ जुलै

ताईचं मलम लावलं. आता लाल आणि चकचकीत.

१७ जुलै, सोमवार

काल दुकान बंद. आज सकाळी चेहरा निम्मा साफ. संध्याकाळी पुन्हा लाल. मागची पानं चाळली – गेला सोमवारही असाच! म्हणजे जे काही आहे ते दुकानात आहे.

१९ जुलै

ताई डॉक्टरांकडे घेऊन गेली. "कामाला काय करतोस?" सांगितलं. "करून दाखव." त्यांचाच चष्मा घेतला, फडक्याने पुसला आणि दांड्या सरळ आहेत का ते बघायला स्वतःच्या नाकावर चढवला. सवयच आहे. पुसलेला प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी घालून बघतो. दिवसाला पंधरा-वीस. असं दुसरं कुणी करत नाही.

डॉक्टर हसतच सुटले. "अरे, आता आरशात बघ, लाल कुठे कुठे आहे ते!"

बघितलं. चष्म्याचाच आकार!

"घालणं बंद कर. औषध काही नको."

ताई बाहेर येऊन करवादली, "एवढी फी घेतली, आणि साधं मलमसुद्धा नाही?"

२० जुलै

चष्मा टेबलावर पालथा ठेवून दांड्या बघतो. तोंड दूर.

२७ जुलै

साफ!! मालकांनी हनुवटी धरून उजेडात चेहरा बघितला. "एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून ये."

१ ऑगस्ट, दुपारी १ वाजून ४० मिनिटे. काउंटरवर.

सकाळपासून अकरा गिऱ्हाइकं. त्यांतल्या चौघांनी चष्मा काढून नाक पुढे केलं. लाल. एक आजोबा म्हणाले, "सुनेला वाटतंय मी या वयात प्यायला लागलो."

मी घालणं बंद केलं, पण पुसणं तसंच चालू होतं. पुसायच्या औषधाच्या डब्यावर लिहिलंय – बाटलीभर पाण्यात एक झाकण. जूनपासून मी पाच घालतोय. काच लखलखीत व्हावी म्हणून.

बाटली मोरीत ओतून आलो. जूनपासून दिलेले चष्मे वहीतून मोजले, दोनदा – नऊशे बारा.

मालकांना सांगितलं – अजून नाही. ते आत जेवतायत. हात धुतले की सांगायचं.

नळाचा आवाज आला.