भाडेकरूच्या हातचं पान

गंपोला,
६ मार्च २०२२

ती. अक्कास,
सोमाचा सा. न. वि. वि.

ओळी डोंगर चढायला लागल्या तर हसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कागदावर मला दिसत नाही, आईनं आपल्या दोघींत एकच धड बाई घडवली बघ. डाव्या डोळ्यावर तर दुधाची साय धरल्यासारखं झालंय. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पुरता पिकलाय, उजव्यातही उतरायला लागलाय, आणखी दिवस ढकललेत तर चालताना हात धरायला माणूस लागेल. सरकारी दवाखान्यात सध्या भिंगंच नाहीत. खाजगीत करायचं तर पैसे आधी ठेवा म्हणतात.

पैशांचं तुला ठाऊकच आहे. ह्यांच्या पेन्शनीत डाळभात होतो, बाकी सगळं मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर. आणि ते भाडं नाताळपासून आलेलंच नाही. तिलक माणूस वाईट नाही ग. कँडीच्या ज्या हॉटेलात तो स्वयंपाकी होता तिथे पाहुणेच येईनात, मालकानं कुलूप लावलं. बायको इनोका शिवण करते, पण वीज असेल तेव्हा मशीन, आणि वीज कधी असते? दोघंही मला पाहिलं की अशी मान खाली घालतात, की मीच आपली दुसरीकडे बघते.

आता दलाल पियसेननं एक गिऱ्हाईक आणलंय. म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको. मुलगा कोरियात असतो, सबंध वर्षाचं भाडं एकदम द्यायला तयार आहेत. अट एवढीच की एप्रिलात नव्या वर्षाला जागा मोकळी हवी. तेवढ्या पैशांत डोळा होऊन जाईल. म्हणजे तिलकला घालवायचं. हे मला जमेल का, तूच सांग.

तुझ्या गुडघ्यांना सांभाळ. माया आहेच, ती पोष्टानं येत राहू दे.
तुझी,
सोमा

---

मातर,
१५ मार्च २०२२

चि. सोमास,
अनेक आशीर्वाद आणि थोडा राग.

नाताळपासून भाडं नाही आणि तू विचारतेस जमेल का. तू लहानपणीपण अशीच, कोंबडीला हुसकायचं तर तिची माफी मागायचीस. डोळा तुझा जाणार आहे, तिलकचा नाही. सरळ दारात उभी राहा आणि सांग, बाबा रे, मला दुसरा इलाज नाही, नवं वर्ष दुसरीकडे कर. गोड बोलायचं, पण बोलायचं. चहा घेऊन जाऊ नकोस. चहा घेऊन गेलीस की तू संपलीस.

आणि एक पक्कं लक्षात ठेव. जे काय सांगायचं ते अवुरुदूचं नवं वर्ष लागायच्या आधी. सणाच्या दिवशी तो विड्याची पानं घेऊन गनुदेनुला दारात आला, तर त्याच्या हातचं पान घ्यायचं नाही. वर्षाची पहिली देवघेव ज्याच्याशी केली त्याच्याशी वर्षभराचा व्यवहार बांधला गेला. मग त्याला घालवशील कोणत्या तोंडानं? तू आपली दरसालसारखी बंडा मुदलालीशी कर. त्याच्या दुकानातून किराणा तरी उधार मिळेल.

मी बघ कशी कडक आहे. माझ्या माडीवरच्या रोशनला बजावून ठेवलंय की हे घर म्हणजे धर्मशाळा नाही. तीनचाकी चालवतो मेला, पण पेट्रोलच नाही तर काय चालवणार? रांगेत बसून असतो. मिशा काय ठेवल्यात, तोंड काय सुकलंय.

डोळ्याला धूर लागू देऊ नकोस. ती जुनी चूल पाडून टाक म्हणून किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी वापर.
तुझी,
अक्का

ता. क. रोशनला रांगेत डबा पोचवायला गेले होते म्हणून पत्र टाकायला एक दिवस उशीर झाला. डब्याचा आणि भाड्याचा काही संबंध नाही.

---

गंपोला,
३ एप्रिल २०२२

ती. अक्कास,
सोमाचा सा. न. आणि कान पकडून वि. वि.

तुझी आज्ञा पाळायला गेले होते ग. पहिल्यांदा गेले तर इनोका मशीनपुढे बसून रडत होती, दोरा संपला म्हणाली. तेव्हा कसं बोलायचं? माझ्या डब्यातली रिळं देऊन आले. दुसऱ्यांदा चहा न घेता गेले. तर तिलकनंच चहा केला, साखर नव्हती म्हणून गुळाचा खडा बाजूला ठेवून. मी म्हटलं, तिलक, मला तुझ्याशी बोलायचंय. तो आपला मला आत्या मानणारा, म्हणाला, नेंदा, मलाही बोलायचंय, आधी तुम्ही. मी म्हटलं आधी तू. तर म्हणाला, आमचा गॅस कालच संपला, सिलिंडरच्या रांगेत उभं राहून आलो, मिळाला नाही, तुमच्या मागच्या जुन्या चुलीवर भात शिजवला तर चालेल का?

झालं. तुझी ती पाडायची चूल आता रोज दोनदा पेटतेय. माझाही गॅस संपलाच. फणसाची वाळकी फांदी तिलक फोडतो, नारळाची करवंटी मी देते, आणि तो जे रांधतो ना अक्का, हॉटेलातल्या पाहुण्यांनी खाल्लं ते आता मी खाते. कोवळ्या फणसाची आमटी अशी की शेजारच्या दोन घरांनी भांडी पाठवली. त्यांच्याकडेही गॅस नाही. परवापासून भाताच्या पुड्या बांधून विकायला लागलाय, ऑफिसातली माणसं घेतात. पहिल्या दिवशी होत्या तेवढ्या खपल्या.

पण पैसे येतात ते तांदूळ-नारळात जातात. डोळा तिथेच आहे. काल जिन्याची खालची पायरी मला दिसलीच नाही, बसले ती बसलेच, लागलं काही नाही, पण घाबरले. रात्र नसताना अंधार बघणं वेगळं असतं ग. पियसेन रोज येऊन जातो. मी त्याला शब्द दिलाय, सणाच्या आदल्या दिवशी तिलकला सांगते. नक्की सांगते.

रागावून का होईना, लिहीत जा.
तुझी,
सोमा

---

गंपोला,
१८ एप्रिल २०२२

ती. अक्कास,
सा. न. आधी, बातमी मागून.

आदल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी इनोकानं कुठूनसं तेल पैदा केलं आणि सणाचे गोड कवुम तळायला घेतले. तिचे कवुम फुगतात पण शेंडी येत नाही, आणि ती शेंडी बसवायला मलाच बसावं लागलं. हात तेलात असताना घर सोड म्हणून सांगतं का कुणी? मग पुण्यकाळ लागला, चुली विझल्या, आणि त्या वेळात असलं बोलणं अशुभ.

नव्या वर्षाची चूल एकच पेटली, कारण चूलच एक. दूधही एकाच मडक्यातलं उतू गेलं, नारळाचं, दुधाची पावडर कुठली? त्याच दुधातला किरिबत भात तिलकनं केला. मी पाटावर बसून होते, मांडीवर पानं, पानांत शंभराची नवी नोट, बंडा मुदलालीसाठी. चुलीचा धूर भरलेला, त्यात माझा हा डोळा. दारात पांढरा सदरा दिसला, पानं पुढे आली, मी माझी पानं त्या हातात दिली, त्याची घेतली, हात जोडले. आणि मग आवाज आला, सोमा नेंदा, वर्ष सुखाचं जावो. तिलकचा आवाज.

काय सांगू अक्का, माझे हात तसेच राहिले. तुझं पत्र डोळ्यांपुढे आलं, म्हणजे ज्या डोळ्याला दिसतं त्याच्यापुढे. पानांत बघितलं तर पाच रुपयांचं नाणं होतं, घासून घासून चकचकीत केलेलं. पाच रुपये त्यानं मला दिले आणि शंभर मी त्याला. घरमालकिणीनं भाडेकरूला भाडं दिल्यासारखंच झालं. तो रडला. मग इनोका रडली. मग मीही रडले आणि मग आम्ही सगळ्यांनी कवुम खाल्ले.

आता वर्षाची देवघेव त्याच्याशी बांधली गेली. त्याला घालवायला माझी जीभ उचलणार नाही. चूक झाली, रागाव. धूर होता ग.

रागावून झालं की माया पाठव.
तुझी,
सोमा

---

मातर,
२९ एप्रिल २०२२

चि. सोमास,
आशीर्वाद देते, पण आज मोजून.

पत्र दोनदा वाचलं. धूर होता हे मान्य. डाव्या डोळ्याला दिसत नाही हेही मान्य. पांढरा सदरा सणाला कुणीही घालतो. पण बंडा मुदलाली गेली कित्येक वर्षं काठी टेकत चालतो. तुझ्या फरशीवरची ती ठकठक मला, या बहिरीला, मागच्या सणाला ओसरीवर बसून ऐकू आली होती. यंदा काठी वाजली होती का? बहिरी मी आहे की तू?

जाऊ दे. वर्षाचा हात बांधलास तर बांधलास. पण डोळ्याचं काय करणार, त्याचं उत्तर दे. रात्री मला झोप येत नाही त्या पायरीच्या आठवणीनं. मीच पाठवले असते पैसे, पण यंदा माझा हात आखडता आहे. का ते विचारू नकोस. भिंग मिळतंय तोवर डोळा करून घ्यायलाच हवा. पियसेनच्या पाया पड, मास्तरांना थांबव, काहीही कर. तुला कुणी हात धरून चालवतंय हे बघायला मला जगायचं नाही.

माझा गुडघा सुजलाय. जिन्याचं जरा काम निघालं होतं.

तुझी काळजीवाहू,
अक्का

---

गंपोला,
१० जुलै २०२२

ती. अक्कास,
सोमाचा सा. न. वि. वि., सरळ ओळीत.

बघ तरी ओळी. ओळीखाली पट्टी न ठेवता लिहितेय. डावा डोळा झाला, पट्टी सुटली, डॉक्टरांनी भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली तर मी त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणही सांगितलं. उजव्याचं पुढच्या साली.

पैसे मास्तरांचेच. मागच्या खोल्यांत वर्षाचा व्यवहार बांधला गेला होता, पण पुढच्या घराचा कुठे बांधला होता? तिथे मी एकटीच तर राहत होते. पियसेनला म्हटलं, मास्तरांना पुढचं दाखव, ओसरीसकट. बायकोला ओसरी बघताक्षणी आवडली. वर्षाचं एकदम दिलं. आणि मी चुलीशेजारची सामानाची खोली झाडून घेतली. म्हणजे आता तिलक-इनोकाच्या बाजूला राहते, त्यांच्या चुलीवरचं खाते. तू म्हणशील मालकीण मागच्या दारी गेली. गेले खरी, पण इथे गंमत जास्त आहे. पहाटेपासून पुड्या बांधायला पाच बायका जमतात आणि गावातली एक भानगड सुटत नाही. डोळ्यात थेंब इनोका घालायची, फुंकर मारत, जसं काही मी तान्ही आहे.

परवा तिलक पुड्यांच्या पैशातून भाडं घेऊन आला. मी म्हटलं, मी तुझ्या चुलीवर जेवते, माझ्याकडून किती घेशील ते आधी सांग. तो म्हणाला, नेंदा, चूल तुमची. मी म्हटलं, फांदी तू फोडतोस. तासभर भांडलो. मास्तर ओसरीवरून ऐकत होते, हसून हसून त्यांना खोकला लागला. शेवटी ठरलं, पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाचं मोजायचं नाही, तेव्हा पानं हातात घेऊन बघू. पण भाड्याचा डबा मी उघडा ठेवलाय, आणि तो कधी माझ्या पाठीमागे त्यात काही टाकतो. आवाज येतो, मी वळून बघत नाही.

आता तुझं. तुझ्या रोशनचा मला फोन आला होता, अक्कांच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं म्हणून. बोलता बोलता पोरानं सगळं सांगितलं. त्यानं जानेवारीपासून भाडं दिलेलं नाही. आणि सणाच्या दिवशी तो लाजून खाली येईना, तर दोन वर्षं माडी न चढलेली तू कठडा धरून वर गेलीस, पानं हातात घेऊन, आणि दारात उभी राहून म्हणालीस, घे लवकर, मुहूर्त टळेल. जिन्याचं काम ते हेच ना? मला कडकपणा शिकवतेस आणि स्वतः चालत जाऊन हात बांधून घेतेस. माझ्याकडे निदान धूर तरी होता.

गुडघा बरा झाला की इकडे ये. बस मिळेल तेव्हा मिळेल, कोवळा फणस झाडावर राखून ठेवलाय. रोशनलाही आण, मिशा बघायच्यात.

आणि तू माझ्या कानांची चौकशी केली होतीस. कान शाबूत आहेत, अक्का. काठी वाजली नाही, हे मला चांगलं ऐकू आलं होतं.

तुझीच,
सोमा