पट्टीवर तेल पूर्ण होतं

श्री
मंगळवार, ११ मार्च

प्रिय भावोजी,

तुम्हा सगळ्यांना देव सुखात ठेवो. इकडे मामंजी कालपासून उशीला टेकून बसतात. मऊ भात चार चमचे जातो. उजवा हात अजून उचलवत नाही. तुमचं नाव काढलं की दाराकडे बघतात.

तीन आठवडे झाले, तुम्ही ह्यांचा फोन उचलत नाही. तुमचं शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी शेजारीच होते. हे म्हणाले, "चूक माझीच, विसरलो रे." मी विचारलं, काय विसरलात? तर म्हणे, "काही नाही, गाडीची एक वायर जळाली होती." मी तेच धरून बसले.

काल गाडीतली कागदपत्रं आणायला गॅरेजात गेले. मिस्त्रींनी इंजिनावरचं झाकण काढून दाखवलं. आत काजळीचा चिखल! मी म्हटलं, "अहो, पट्टीवर तर तेल पूर्ण होतं!"

"ताई, पूर्ण असणं वेगळं, चांगलं असणं वेगळं. तीन वर्षं तेच ऑइल? साहेब दोनदा आले होते बदलायला. दोन्ही वेळा 'नको' म्हणून तुमचा फोन आला आणि तसेच परत गेले. आता म्हणाले, घरी काही बोलू नका."

मी तिथेच एका टायरवर बसले. पाणी दिलं त्यांनी.

भावोजी, गाडी देताना तुम्ही बजावलं होतंत, "वहिनी, चालो न चालो, वर्षातून एकदा ऑइल बदला." मी मानेने हो म्हटलं आणि मनात म्हटलं, देऊळ, बाजार, दवाखाना, एवढीच तर फिरते. दर महिन्याला मी स्वतः ती तेल मोजायची पट्टी ओढून फडक्याने पुसून बघायची. खुणेपर्यंत तेल! भरला डबा ओतून टाकणारी बाई तुम्ही पाहिलीत का? मला ते पाप वाटायचं. ह्यांनी विषय काढला की मी म्हणायची, "गॅरेजवाल्यांचं पोट भरायला देवाने आपल्याला नाही धाडलं." ह्यांनी वाद घातला नाही. कधीच घालत नाहीत.

मामंजींना झटका आला त्या दुपारी अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात वाचला असता. तेव्हा मी देवाला दोष दिला. आज देवापुढे उभी राहिले, तर हात जोडवेनात.

ह्यांना हे पत्र ठाऊक नाही. तुम्ही विचारलंत तर ते पुन्हा "विसरलो" म्हणतील. म्हणून विचारू नका, नुसता फोन करा. मामंजींना दोघं मुलगे एकमेकांशी बोलताना ऐकू देत.

अबोला धरायचाच असेल तर माझ्याशी धरा. मी तो मोडायला येणार नाही.

जिने तुमच्या भावाला खोटं बोलायला लावलं, ती
वहिनी